वाक्य संपेपर्यंत

डॉक्टर गद्रे बोलतात, मी टाइप करते.
सोमवार पेठ, दुसरा मजला, ओपीडी नंबर सहा.
माझी खुर्ची त्यांच्या डाव्या कोपराशी,
स्क्रीन भिंतीकडे वळवलेला.
पेशंटला वाटतं मी कुणीतरी आहे.
खरं तर मी दहा बोटं आहे,
पगार त्याहून जरा कमी बोटांचा.

मालन शितोळे, वय अठ्ठावन्न, यवतहून एसटीनं.
घोट्याला खुरपं लागलेलं, त्यावर हळद,
हळदीवर कुणीतरी दिलेली पांढरी पावडर.
"कुठल्या औषधानं त्रास होतो का?"
"नाही."
मी खूण केली.

मग त्यांनी पदर सारखा केला
आणि डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या,
"म्हंजे तसा नाही. धाकट्याच्या वक्ताला सुई दिलती
तवा अंगभर गांधी उठल्या हुत्या.
पर ते वांग्यानं आसंल, सासूबाई म्हनल्या."

तोवर मी पुढच्या खोक्यात होते.
वजन. बीपी. साखर, उपाशीपोटी.
बाहेर एकतीस नंबर पुकारला होता.

(यादीत गांध नाहीच.
एकदा हातानं लिहून बघितलं,
मशीनला ते आडनाव वाटलं.)

दुसऱ्या खेपेला 'मागचं आणा' हे बटण दाबलं.
मागचं आलं.
तिसऱ्या खेपेला मागच्याचं मागचं.
हडपसरला आमचा तुकडा होता तेव्हा वडील म्हणायचे,
सातबाऱ्यावर चुकीचं नाव चढलं की चढलं.
माणूस मरतो, नाव तिथंच राहतं.

चौथ्या खेपेला पाय कोहळ्याएवढा. भरती.
रात्री सव्वाअकराला
सिस्टर भिंगारदिवेंनी ट्रेमध्ये सुई ठेवली,
स्क्रीन वाचला:
नाही, नाही, नाही.
आणि तरी विचारलं.
का विचारलं, ते त्यांनाही सांगता येईना.
"नगरला शिकले तेव्हा हे यंत्र कुठं होतं?
तोंडानंच विचारायला लागायचं."

मालनबाई अर्धवट झोपेत होत्या. म्हणाल्या,
"त्या लिवनाऱ्या बाईला सांगितलंय की."

हे मला दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाबरोबर कळलं.
कुणी ओरडलं नाही.
डॉक्टरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
औषध बदललं होतं, पाय उतरत होता,
मालनबाई शेजारणीला वांग्याची कूळकथा सांगत होत्या.
नोंद दुरुस्त झाली, लाल पट्टी आली.
पण इतिहास उघडला की खाली अजून दिसतं:
नाही. अकरा बेचाळीस. ए. तुपे.
ते खोडता येत नाही.
खोडलं तर खोडल्याची नोंद राहते.

इंग्रजीत नकार आधीच येऊन उभा राहतो, असं शिकवलं ट्रेनिंगला.
आपल्याकडे तो शेवटच्या बाकावर.
दुखतं, चक्कर येते, रक्त पडतं,
इथपर्यंत सगळं खरं,
मग माणूस श्वास घेतो
आणि म्हणतो, असं काही होत नाही.
आणि कधी कधी आधीच म्हणून टाकतो नाही,
घाबरून, किंवा आपला वेळ जाऊ नये म्हणून,
बोलायला त्यानंतर लागतो.

मी आता बोटं मांडीवर ठेवते.
डॉक्टर म्हणतात, तुपे, मागं पडतोय आपण.
पडतोय.
एकोणचाळीस नंबर दार किलकिलं करून बघतोय.
समोरचे काका म्हणालेत, "बाकी तसं काही नाही,"
आणि वाकून
पिशवीची गाठ सोडवतायत.